मूर्तिजापूरचा थांबा

अकोल्यात वॉशिंग मशीन दुरुस्त करता करता माझे केस पिकले. या सगळ्या वर्षांत सर्वांत जास्त ऐकलेली तक्रार एकच : मशीन मध्येच अटकतं. सुरू होतं, साबणाचं पाणी घुसळतं आणि मग जे रुसून बसतं ते बसतंच. फोन करणारी बाई असो की बुवा, आवाजात आरोप माझ्यावरच असतो. आता तर लोक मोबाईलवर व्हिडिओ पाहून आधी प्लग काढतात, मग सगळी बटणं दाबतात, मग मागचं झाकण खोलतात आणि उरलेले स्क्रू वाटीत घालून माझी वाट पाहत बसतात. मी जातो, कंबर धरून मशीनमागे वाकतो. कंटाळा येतो, खोटं कशाला सांगू. पण 'मध्येच अटकतं' हे शब्द कानावर पडले की मला गावंडेकाका आठवतात आणि त्या घरापुरता तरी मी जरा बरा वागतो.

त्यांचा पहिला फोन आला तेव्हा मी दुकानात जेवत होतो.

"मेस्त्री बोलून राहिले काय? तुमची गाडी मूर्तिजापूरच्या पुढं जात नाई."

"काका, राँग नंबर लागला. मी मशीनवाला आहे."

"मालूम हाये मले. मशीनचंच सांगून राहिलो. अमरावतीहून बरोबर सुटते, बडनेऱ्यापर्यंत मस्त जाते. मूर्तिजापूरले आली का उभी. कितीकची गाडी पकडून येता?"

गावंडेकाका एसटीत कंट्रोलर होते. अर्धी नोकरी अमरावतीच्या डेपोत, अर्धी अकोल्याच्या. जन्म हिवरखेडचा, शेती धाकट्या भावाकडे आणि यांचं सगळं आयुष्य त्या एका रस्त्यावर गेलं. मशीन घरात आलं तेव्हा त्यांनी तेही त्याच रस्त्यावर घातलं. पाणी भरायला लागलं की अमरावतीचा स्टँड. कपडे घुसळले जातात ते बडनेरा. साबणाचं पाणी सोडून खळबळायला नवं पाणी घेतं ते मूर्तिजापूर. गरगर फिरून पिळतं ते बोरगाव मंजू. आणि शेवटी वाजून बंद पडलं की अकोला आलं, उतरून घ्या. कंपनीच्या पुस्तकात हे इतकं सोपं लिहिलेलं नसतं.

गोरक्षण रोडच्या आतल्या गल्लीत त्यांचं बैठं घर होतं. उंच, काटकुळा माणूस. घरातसुद्धा इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन, जणू कोणत्याही क्षणी कुणीतरी वेळापत्रक विचारायला येणार. भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम पुढे लावलेलं. मी उशिरा पोचलो की दारातच विचारायचे, "लेट लिहू का कॅन्सल?" चहा झाला की स्वयंपाकघरातून घोषणा यायची, "चहा फलाटावर लागला हाये." डेपोतल्या हॉर्नांनी कान गेलेले होते, त्यामुळे घोषणा जोरात असायची आणि शेजारची बाई खिडकी लावून घ्यायची.

मशीन मागच्या बोळीत होतं, न्हाणीच्या शेजारी. समोरच्या खोलीचं दार उघडं आणि त्या खोलीत पलंगावर काकू. अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. डावा हात तेवढा चालायचा आणि डोळे. दिवसातून कितीदा तरी चादर बदलावी लागायची. पहिल्याच दिवशी मी मशीनमागे वाकलेलो असताना काकांनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगून टाकलं.

"पोरगी पुन्यात असते, माधुरी. तिनं मशीन घेऊन देल्लं. तिच्या घराजवळ एक जागा हाये म्हन्ते, असे पेशंट ठेवतात. ती म्हन्ली, बाबा, आई साफ राहिली, पाठीले जखम नाई झाली, तं ठेवा घरी. नाई जमलं तं मी घेऊन जाईन." मग मशीनवर हात ठेवून म्हणाले, "म्हंजे हे चाललं तं कुसुम इथं. नाई चाललं तं पुन्याले."

मला कुणी मशीनबद्दल एवढं काही सांगितलेलं आवडत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या डोक्यावर ओझं येतं. मी हो-हो करत झाकण उघडलं तर आत एक गोधडी. चार पदरी, जुन्या लुगड्यांची, जाडजूड, आणि तिच्याभोवती चादरी कोंबलेल्या. भिजून तिचा असा गोळा झाला होता की तो आम्हा दोघांना मिळून उचलता येईना.

"काका, एवढं घालतात का?"

"जागा होती थोडीशी," ते म्हणाले. "आमच्या गाडीत दार लागलं का भरली समजत होतो. दार तं लागलं होतं."

गोधडी निघाली तरी मशीन मूर्तिजापूरला अटकतच राहिलं, कारण दुखणं दुसरंही होतं. आमच्याकडे बोअरचं पाणी खारं. तालुकेच्या तालुके या खाऱ्या पट्ट्यात गेलेत. ते पाणी नळाच्या तोट्या खातं, गिझर खातं आणि मशीनमध्ये पाणी शिरतं तिथल्या बारीक जाळीवर पांढरा थर चढवतं. टाकीत पाणी वरपर्यंत असेल तोवर अमरावतीला मशीन कसंबसं भरतं. मूर्तिजापूरला पुन्हा पाणी मागतं तेव्हा जाळीतून धार येत नाही, मग वाट पाहून पाहून ते ओरडायला लागतं. महानगरपालिकेचं गोड पाणी मशीनला द्यावं तर ते येतं कितीतरी दिवसांनी एकदा. ते काकांनी ड्रममध्ये भरून झाकून ठेवलेलं असायचं. प्यायला आणि काकूंना पुसायला.

मी जाळी घासून दिली, घासायची कशी ते दाखवलं. काही दिवसांनी पुन्हा थर चढला. तोपर्यंत तात्पुरता उपाय म्हणून सांगितलं, थांबलं की झाकण उघडा, हातानं बादलीभर पाणी ओता, झाकण लावा, बटण दाबा, चालू होईल. काकांना ते पटलं. पण अडचण अशी की मशीनची बारीक पी-पी त्यांना ऐकू येत नव्हती. ते पुढच्या खोलीत असले की मशीन तासन्‌तास उभं आणि चादरी तशाच भिजलेल्या.

त्यावर तोडगा काकूंनी काढला. त्यांच्या उशाशी स्टीलचा ग्लास आणि चमचा ठेवलेला असायचा, काही लागलं तर वाजवायला. मशीन थांबलं की त्या डाव्या हातानं एकदा वाजवू लागल्या. टण. तो आवाज काकांना घरात कुठेही ऐकू यायचा. ते उठून येत, पाणी ओतत, बटण दाबत, आणि मशीन फिरायला लागलं की खोलीतून दोनदा यायचं. टण टण. ज्यानं आयुष्यात लाल गाडीनं प्रवास केला आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एक घंटी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला.

"मी डायवर," काका मला म्हणाले, "हे कंडक्टर. सगया जन्मात हिनं मले एक ऑर्डर नाई देल्ली. आता पाहा."

तेव्हा मी काकूंकडे पाहिलं. चेहरा एका बाजूला ओढलेला होता, पण त्या हसत होत्या हे माझ्यासारख्यालाही कळलं.

काका त्यांना 'कुसुम' म्हणत. मला त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं. एकदा चहा बशीत ओतता ओतता त्यांनीच सांगितलं. लग्न झाल्यापासून चारचौघांत बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नव्हतं. हाक मारायची तर 'आवं, आयकलं काय'. झटका आल्यावर डॉक्टर म्हणाले, पेशंटला नावानं हाका मारा, ओळखीच्या आवाजानं सावध होतात. दवाखान्यात लेक-जावई, भाचे, व्याही सगळे उभे. "मले शरमच वाटे. म्या आधी सगयाईले बाहीर काढलं, दरवाजा लोटला आन मंग म्हन्लं. तं तिनं डोये उघडले." त्यांनी बशी खाली ठेवली. "पयलेच म्हनाले पायजे होतं. एवढ्या वर्षांचं नाव पडून राहिलं."

थकवा त्यांनी कधी सांगितला नाही, तो दिसायचा. एकदा मी पाना मागायला वळलो तर काका भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपलेले. हातात पिळायची चादर तशीच. मनगटं सुजलेली होती. मी म्हटलं, काका, एखादी बाई लावा कामाला. म्हणाले, "लावली होती. हिले परक्या बाईनं उचललं का ही डोये मिटून घेते. मंग म्याच म्हन्लं, राहू दे." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "थकलो, मेस्त्री. लय थकलो. पन माधुरीचा फोन आला तं तुमी बोलू नका हे." मला तिचा फोन कशाला येणार होता. पण मी मान हलवली.

पुढे मला त्यांची दया आली म्हणा किंवा सारखं सारखं जाऊन जाळी घासायचा वैताग आला म्हणा, मी त्यांच्या मशीनला पाणी आत सोडणारा नवा वाल बसवला आणि नळाला मोठं गाळण लावलं. टाकीही जरा उंच करून घ्यायला सांगितली. मशीन अमरावतीहून सुटलं ते थेट अकोल्याला, मध्ये कुठं थांबणं नाही. मला माझ्या कामाचा क्वचित अभिमान वाटतो, त्या दिवशी वाटला. काकांनी हात जोडले. काकू मात्र चमचा हातात धरून शेवटपर्यंत वाट पाहत राहिल्या आणि त्या दिवशी त्यांना वाजवायला काही मिळालं नाही.

महिना-पंधरवड्यानं त्या गल्लीत दुसरीकडे काम होतं म्हणून डोकावलो. मशीन चालू होतं. माझ्या देखत काका गेले आणि त्यांनी मशीनचा नळ बंद केला. मूर्तिजापूर आलं, मशीन अटकलं, ओरडायला लागलं. टण. काका बादली घेऊन निघाले.

माझं टाळकं सणकलं. "काका, नवा वाल बसवला मी. तुम्हीच नळ बंद करता? मग मी केलं काय?"

"बसा," ते म्हणाले. "तुमचं काम चांगलं हाये. पन गाडी नॉनस्टॉप केल्यावर हिची पाठ लाल झाली. बारीक पुरळ. म्या म्हन्लं काहून? पावडर तेच, चादर तेच. मंग ध्यानात आलं. पयले मशीन थांबे तं मी ड्रममधलं पानी ओतत होतो, गोड. नजरेसमोर तेच राहे म्हनून. तुमी वाल बसवला आन तेव्हापासून शेवटचं पानीबी खारंच जाऊन राहिलं. चादर वाळली का कडक होते, हात लावून पाहा. ते तिच्या पाठीखाली दिवसभर."

डॉक्टर यावर म्हणाले होते, असू शकतं, नसूही शकतं. काकांना तेवढं पुरलं. कपडे खाऱ्या पाण्यात धुवायचे, शेवटी एकदा गोड पाण्यात खळबळायचे, आणि त्यासाठी मूर्तिजापूरला गाडी थांबवायची. स्वतःच्या आंघोळीला ते खारं पाणी घेऊ लागले. प्यायलाही जपून. पुरळ गेलं होतं. 

मग माधुरी यायची ठरली. काकांचा फोन आला, "उद्या तपासनी हाये. तुमी हजर पायजे." दुसऱ्याच्या घरगुती भानगडीत पडायला मला मुळीच वेळ नव्हता. तरी गेलो. खिशात स्क्रूड्रायव्हर ठेवला, म्हणजे उभं राहायला कारण मिळतं.

माधुरी चाळिशीची असेल. चेहरा काकूंचा, आवाज काकांचा, बोलणं पुण्याचं. डोळे जागरणानं सुजलेले. वाईट बाई नव्हती, तीही दमलेली होती, हे दारातच दिसलं. आल्या आल्या तिनं आईला जवळ घेतलं, मग बोळीत येऊन मशीनसमोर हाताची घडी घालून उभी राहिली. तिला काय पाहायचं होतं ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मशीन बडनेऱ्याला होतं. काकांनी कधी नळ फिरवला ते तिला दिसलं नाही.

मशीन थांबलं. पी-पी सुरू झाली. खोलीतून आलं, टण.

"हे बघा," माधुरी म्हणाली. "अजून अटकतंच आहे. फोनवर तर सगळं ठीक चाललंय म्हणत होतात. बाबा, किती दिवस असं रेटणार आहात? तुमचे हात बघा. मी बोलून ठेवलंय तिथं, परवा बेड रिकामा होतोय." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही इतक्या वेळा येऊन नेमकं करता काय?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात काकांनी हात वर केला, गाडी थोपवतात तसा. "अटकलं नाई. म्या थांबवलं."

"कशाला?"

"पानी बदलाले." त्यांनी ड्रममधून बादली भरली. ती उचलताना ते एका बाजूला कलले आणि माधुरी पुढे झाली, पण त्यांनी तिला हात लावू दिला नाही. पाणी ओतलं, झाकण लावलं, बटण दाबलं. मशीन फिरायला लागलं. खोलीतून आलं, टण टण.

माधुरी त्या आवाजाकडे वळून पाहत राहिली.

"आता चाल," काका म्हणाले. "मशीन नको पाहू. आईची पाठ पाय."

ते पलंगाशी गेले. एक हात खांद्याखाली, एक गुडघ्यामागे, आणि "कुसुम, इकडं वळू" म्हणत त्यांनी काकूंना कुशीवर घेतलं, काहीही धडपड न होता. मी भिंतीकडे तोंड केलं.  मग माधुरीचा आवाज आला, "एकही जखम नाही." नंतर पुन्हा, अगदी हळू, "बाबा, एकही नाही."

"नाई होऊ देल्ली."

"तुम्हाला कुणी शिकवलं हे सगळं?"

"कोन शिकवते? हिनंच वाजवून वाजवून शिकवलं."

ती रडली. मला हे असलं पाहवत नाही, मी बोळीत येऊन उगाच मशीनचा एक स्क्रू घट्ट केला, जो घट्टच होता. आतून तिचा आवाज आला आणि त्यातलं पुणं कुठल्या कुठं गेलेलं होतं. "बाबा, जेवले काय तुमी?"

काकू पुण्याला गेल्या नाहीत. माधुरी जमेल तशी येत राहिली, आली की बादली तीच उचलायची. पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी काकू घरातच, त्याच पलंगावर गेल्या. मी भेटायला गेलो तेव्हा काका ओसरीत बसले होते, शर्ट इस्त्रीचा, खिशाला पेन. मी चपला काढतोय तोवर तेच म्हणाले, "पाठ साफ होती, मेस्त्री. शेवटपर्यंत साफ होती." आलेल्या प्रत्येकाला ते हेच सांगत होते, असं मला नंतर कळलं. लोकांना त्याचा अर्थ लागत नसेल. मला लागला.

आता काका पुण्याला लेकीकडे असतात. ते जायच्या थोडं आधी त्यांचा मला शेवटचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "मेस्त्री, गाडी मूर्तिजापूरले उभी राहून राहिली. सकाळी लावली का संध्याकाळपर्यंत तिथंच."

गेलो. मशीनमध्ये दोन शर्ट, एक पायजमा, एक टॉवेल. वाल ठीक, जाळी साफ, सगळं ठीक. नळ बंद होता. सवयीनं काकाच बंद करत होते, आणि मशीन ओरडत राहायचं, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

मी म्हटलं, "काका, आता नळ चालूच ठेवा. तुमच्या कपड्यांना खारं पाणी चालतं. थांबायचं काम नाही."

"बरोबर हाये," ते म्हणाले. "आता कोनाची पाठ हाये."

मी नळ उघडला, मशीन पहिल्यापासून लावून दिलं. खोलीत पलंग तसाच होता, वर धुतलेली चादर ताणून घातलेली. उशाशी ग्लास आणि चमचा. काका पलंगाच्या कडेला जाऊन बसले आणि बोळीतल्या मशीनकडे पाहत राहिले. ते मला चहा विचारायला विसरले, तसं कधी झालं नव्हतं. बडनेरा सरत आलं तेव्हा मी निघालो.

फाटकाशी मोटरसायकल होती. पिशवी बांधत होतो, दोरी निसटत होती, वेळ गेला. खोलीची खिडकी गल्लीकडे उघडते. आतली घरघर थांबली आणि पी-पी सुरू झाली. त्यांनी नळ पुन्हा बंद केला होता. मला आधी राग आला, मग वाटलं, यांना ऐकू येत नाही, आत जाऊन सांगावं, नाहीतर कपडे संध्याकाळपर्यंत तसेच राहतील. मी फाटकाला हात लावला.

आतून आलं, टण.

मग बादलीचा आवाज, पाणी ओतल्याचा, झाकणाचा. मशीन फिरायला लागलं. मी वाट पाहत उभा राहिलो. बराच वेळ काही आलं नाही. मग चमचा ग्लासावर दोनदा वाजला, हळू, एका पाठोपाठ एक.

मी मोटरसायकल सुरू केली नाही. तशीच हातानं ढकलत गल्लीच्या तोंडापर्यंत नेली आणि तिथून किक मारली.